कोकिळेचे माकडहाड

गेले तीन आठवडे मला बसता येत नाही. पडलो नाही, आपटलो नाही. एका सकाळी जाग आली ती माकडहाड ठणकतच. डॉक्टरांनी तपासले, एक्स-रे पाहिला आणि कागदावर लिहिले, ‘इडिओपॅथिक कॉक्सिडायनिया’. इतक्या भारदस्त नावाचे दुखणे आपल्या वाट्याला आले, याचा मला क्षणभर अभिमानच वाटला.

बाहेर बिल होईपर्यंत मी भिंतीला टेकून उभा होतो. शेजारच्या खुर्चीत ऐसपैस बसलेल्या एका वयस्क गृहस्थांनी चष्मा सावरून माझ्या हातातला कागद न विचारताच वाचला.

“सगळे ग्रीक आहे हो,” ते म्हणाले. “कोक्कुक्स म्हणजे कक्कू पक्षी, आपल्या कोकिळेचा भाऊबंद. ते हाड त्याच्या चोचीसारखे दिसते म्हणून त्याला हे नाव. ओडिनी म्हणजे वेदना. थोडक्यात, तुमची कोकिळा दुखते आहे.”

समोरच्या बाईंनी हातातले मासिक तोंडाशी धरले.

“आणि इडिओपॅथिक?” हे मी विचारायला नको होते.

“इडिओस म्हणजे स्वतःचे, पॅथॉस म्हणजे दुःख. ज्याचे कारण बाहेर कुठे सापडत नाही, असे आपले आपण उपटलेले दुखणे. इडियट हा शब्दही त्याच घरचा बरे का! सार्वजनिक कारभारात न पडता स्वतःपुरते पाहणारा, तो ग्रीकांचा इडिओटेस.” हे त्यांनी अशा खणखणीत आवाजात सांगितले की, काउंटरवरून माझे नाव पुकारले गेले तेव्हा इडियट कोण, याबद्दल खोलीत कोणाच्याही मनात शंका उरली नाही.

त्यांचे एक वेळ सोडून देऊ. पण ‘माकडहाड दुखते, का ते कळत नाही’ हे आत जाऊन मीच डॉक्टरांना मराठीत सांगितले होते. त्यांनी तेच ग्रीकमध्ये उतरवले आणि भाषांतराची फी माझ्याकडून घेतली. आर्थ्रायटिसचेही तसेच, त्यातल्या ‘आयटिस’चा मूळ अर्थ नुसता ‘अमुक अवयवाचा’, सूज त्याला मागाहून चिकटली. म्हणजे सांधे धरून आलेल्या माणसाला ‘सांध्यांचे आहे’ एवढेच सांगून वाटेला लावायचे. त्यापेक्षा आपले माकडहाड प्रामाणिक: शेपटीचे उरलेसुरले मणके पाहून माकड आठवते, चोच कशी आठवावी?

घरी आल्यावर मी पालथा पडून शब्दकोश चाळला. टक्कल पडण्याला ॲलोपेशिया म्हणतात, आणि तो शब्द खरजेने केस झडलेल्या कोल्ह्यावरून आला आहे. त्या गृहस्थांच्या डोक्यावर एक केस नव्हता. पुढच्या तपासणीला ते पुन्हा भेटावेत, अशी माझी फार इच्छा आहे. मी उभाच असणार, त्यामुळे कोल्हा वरून नीट दिसेल.