छायाचित्रणाच्या वर्गात गुण नेमके कशाला द्यायचे?

कला महाविद्यालयात छायाचित्रण शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांपुढे दर सत्राच्या शेवटी एकच प्रश्न उभा राहतो आणि बहुतेक वेळा तो घाईतच निकाली काढला जातो. भिंतीवर लावलेल्या पाच-सहा प्रिंट पाहून विद्यार्थ्याला गुण द्यायचे, ते नेमके कशाचे? माझे मत असे की गुण विद्यार्थ्याने घेतलेल्या निर्णयांना मिळावेत, कॅमेऱ्यासमोर आलेल्या विषयाला नव्हे. आणि हे निर्णय तपासायचे असतील, तर निवडलेल्या प्रिंटबरोबर नाकारलेल्या फ्रेमही शिक्षकाने मागितल्याच पाहिजेत.

विषयाला गुण देण्याची सवय आपल्याकडे फार खोलवर रुजली आहे. आषाढ सरला की सबमिशनमध्ये पंढरीची वारी येते: डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या आजी, पावसात भिजलेल्या पताका, सुरकुतलेल्या कपाळावरचा बुक्का. वारीबद्दल मला नितांत आदर आहे आणि ही छायाचित्रे वाईट असतात असेही नाही. परंतु परीक्षक मनोमन त्या आजींनाच नमस्कार करतात आणि विद्यार्थ्याने तिथे स्वतः काय केले, हे विचारायचे राहून जाते. तो त्यांच्याशी दोन शब्द बोलला होता का, की लांब पल्ल्याच्या लेन्सने दुरूनच टिपून निघून आला? ढगाळ उजेडात पांढऱ्या धोतरांचा तपशील टिकावा म्हणून त्याने एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणाऱ्या उजेडाचे प्रमाण, बदलले का? एक पाऊल डावीकडे सरकून मागचा पुढाऱ्याचा फ्लेक्स टाळता आला असता, हे त्याच्या लक्षात आले होते का? उलट, स्वयंपाकघराच्या खिडकीतून येणारा उजेड ऋतूनुसार कसा बदलतो, हे चिकाटीने टिपणाऱ्या मुलीच्या कामावर ‘विषय साधा आहे’ असा शेरा पडतो. होमाई व्यारावाला यांचे शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये झाले आणि पुढे त्या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या गेल्या. त्यांच्या सुरुवातीच्या छायाचित्रांत सहाध्यायी मैत्रिणी आहेत, मुंबईतले रोजचे जगणे आहे. ती छायाचित्रे आजच्या एखाद्या ज्युरीसमोर आली असती, तर त्यांना किती गुण पडले असते, याची मला खरोखरच शंका वाटते.

म्हणून मी कॉन्टॅक्ट शीटचा, म्हणजे काढलेल्या सगळ्या फ्रेम एकत्र दाखवणाऱ्या कागदाचा, आग्रह धरतो. फिल्मच्या काळात ३५ मिमीच्या एका रोलवर साधारण ३६ फ्रेम मिळत आणि त्या सगळ्या एका कागदावर क्रमाने छापल्या की विद्यार्थी विषयाभोवती कसा फिरला, कुठे थांबला, कुठे कंटाळून परतला, हे शिक्षकाला स्वच्छ दिसत असे. डिजिटल कॅमेऱ्यातही हे सहज शक्य आहे: एका असाइनमेंटला ३६ फ्रेमची मर्यादा घालावी, काहीही न पुसता सर्व फ्रेम क्रमाने मागवाव्यात आणि त्यांतून हीच पाच का निवडली, हे विद्यार्थ्याने अर्ध्या पानात लिहावे. निवडीला निम्मे गुण ठेवले तरी ते जास्त होणार नाहीत, कारण व्यवसायात उतरल्यावर हेच काम त्याला आयुष्यभर करायचे आहे.

या पद्धतीचा मोठा लाभ साधनांची विषमता असलेल्या वर्गाला होतो. एफ १.८ची, म्हणजे मोठ्या छिद्राची, लेन्स पार्श्वभूमी सुंदर धूसर करते, पण ते बव्हंशी लेन्सच्या किमतीचे काम आहे. महाविद्यालयाचा जुना कॅमेरा आळीपाळीने वापरणारा किंवा मोबाइलवर काम करणारा विद्यार्थी त्या स्पर्धेत पहिल्या दिवसापासून मागे पडतो, मात्र कॉन्टॅक्ट शीटवर त्याचे पाहणे इतरांइतकेच स्पष्ट उमटते.

‘कला आहे, तिला गुण कसे कापता?’ असे पालक विचारतात, कधी सहकारीही विचारतात. वर्गातल्या प्रत्येकाला दहापैकी आठ देणे मला औदार्य वाटत नाही. त्यामुळे रात्र जागून काम करणाऱ्याला आणि आदल्या दिवशी उरकणाऱ्याला आपण एकच निरोप देतो. कमी गुण द्यायचे असतील तर कारण लेखी द्यावे, आणि निकष पहिल्याच आठवड्यात वर्गासमोर ठेवावेत. मागील वर्षीची एखादी तपासलेली कॉन्टॅक्ट शीट, तिच्या मालकाची परवानगी घेऊन आणि नाव झाकून, शेऱ्यांसकट भिंतीवर लावली, तर पहिल्या असाइनमेंटला बाहेर पडण्यापूर्वीच आपल्याकडून काय अपेक्षित आहे, हे मुलांना कळेल. पुढच्या सत्रात निदान एका असाइनमेंटपुरता तरी हा प्रयोग करून पाहावा, अशी माझी सहकारी शिक्षकांना मनापासून विनंती आहे.