‘आधी बेसिक वाचा’ म्हणणाऱ्यांना उत्तर

नमस्कार. मॅग्नेशियम हायड्राइड, म्हणजे हायड्रोजन धरून ठेवणारी पावडर, बॉल मिलमध्ये गोळ्यांनी बारीक दळली (मिलिंग) की तापवताना हायड्रोजन सुटण्याचं (डिसॉर्प्शन) पीक, म्हणजे ग्राफवरचं शिखर, कमी तापमानाला येतं, अशी माझी पोस्ट होती. तिच्याखाली तुम्ही लिहिलंय, “मिलिंगने डिसॉर्प्शनचं तापमान उतरतं हे विधान चूक आहे, मिलिंगने एन्थाल्पी बदलत नाही. ग्राफवर हीटिंग रेट नाही, मिलमधून येणाऱ्या लोखंडाचं काय, ओलाव्याचं काय? आधी बेसिक वाचा, मग शिकवा.” शेवटचं वाक्य नसतं तर थँक्यू म्हणून मोकळा झालो असतो. मुद्दा मांडायची ही काय पद्धत झाली? समोरच्याला काही येत नाही हे आधीच ठरवून बोलायचं आणि वर प्रश्नचिन्हं टाकायची.

हीटिंग रेट ग्राफखाली हवा होता, मान्य, टाकतो. मिनिटाला 5 अंश, दळलेल्या आणि न दळलेल्या दोन्ही सॅम्पलला तोच. रेट वाढवला की पीक वरच्या तापमानाला सरकतं हे किसिंजर या संशोधकाने 1957 मध्येच समीकरणात बसवून ठेवलंय, त्यामुळे ते मला माहीतच नसेल असं समजू नका.

आता एन्थाल्पी, म्हणजे इथे हायड्रोजन सोडवायला लागणारी उष्णता. अहो, एन्थाल्पी बदलते असं मी लिहिलंय कुठे? पोस्ट पुन्हा वाचा, ‘पीक खाली येतं’ असं लिहिलंय. या हायड्राइडमध्ये वजनाने 7.6 टक्के हायड्रोजन, आणि तो सोडवायला मोलमागे साधारण 75 किलोज्यूल लागतात, त्या हिशोबाने 1 बार दाबाला तो 300 अंशांच्या आसपासच सुटायला हवा. पण न दळलेली पावडर तापवा, पीक 400 च्या पुढे जाऊन बसतं. मधले शंभरएक अंश कुठून आले? ते थर्मोडायनॅमिक्सचे (ऊर्जेच्या हिशोबाचे) नाहीतच, ते कायनेटिक्सचे (क्रियेच्या वेगाचे) आहेत. मोठा दाणा, वर ऑक्साइडचा थर, आत हायड्रोजनला बाहेर पडायला लांबची वाट, आणि मॅग्नेशियमचे पहिले अंकुर धरायला जागा नाही. मिलिंगने थर फुटतो, ताजा पृष्ठभाग उघडा पडतो, दाण्यांच्या सीमा आणि दोष वाढतात, अंतरं कमी होतात आणि पीक त्या 300 च्या दिशेने सरकतं. एन्थाल्पी जाणवण्याइतकी हलायला कण एक-दोन नॅनोमीटरवर यावे लागतात असं गणितं सांगतात, बॉल मिलमध्ये क्रिस्टलाइट (कणातला एकसंध स्फटिक) साधारण दहा नॅनोमीटरच्या आसपास येऊन अडतो. म्हणजे तुम्ही जे मला ‘शिकवताय’ ते माझ्या पोस्टच्या विरोधात नाहीच आहे!

आणि ‘बदलत नाही’ हेही सरसकटच की. केओलिनाइट (चिनी मातीतलं खनिज) भरपूर दळा, 500 अंशांच्या पुढे निघणारं हायड्रॉक्सिलचं (रचनेतच बांधलेलं) पाणी बरंचसं कितीतरी खालच्या तापमानाला निघायला लागतं, कारण रचनाच मोडते आणि ते पाणी नुसतं चिकटलेलं उरतं. एकूण वजनाची घट मात्र तीच, 14 टक्क्यांच्या जवळपास. तिथे तुमचं बेसिक काय म्हणतं?

मी उमेदीची वर्षं ग्लोव्हबॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत) हात घालून काढलीत. आर्गॉनमध्ये वायल (दळायचं भांडं) भरायचं, रात्रभर मिल लावायची, वायल तापू नये म्हणून मधे मधे थांबवायची, आणि सकाळी उघडताना श्वास रोखायचा कारण ती पावडर हवा लागली की पेट घेऊ शकते. हे केलेल्या माणसाला ‘वाचा’ म्हणताना जरा विचार करायचा होता. तुम्ही स्वतः मिल चालवलीय का, हे तुमच्या कमेंटवरून तरी कळत नाही.

लोखंड आणि ओलावा, ठीक आहे, स्टीलचे गोळे घासले की थोडं लोखंड येतंच आणि ते स्वतःही हायड्रोजन सोडवायला मदत करतं, ओलाव्याचा पाण्याचा सिग्नल वेगळा दिसतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर पानं भरायची गरज वाटत नाही.

पुढच्या वेळी आकडे घेऊन या, उत्तर देईन. नुसता सूर असेल तर कमेंट उडवेन, आधीच सांगून ठेवतो.