‘दर सातातल्या एका खेळाडूचं हृदय सुजतं’: हा मेसेज पुढे ढकलण्याआधी

रुग्णवाढीची बातमी लागली की शाळेच्या आणि क्रिकेट कॅम्पच्या पालकग्रुपांवर एक लांबलचक मेसेज हमखास फिरायला लागतो. वर लाल दिवे, खाली ‘प्रत्येक आईबापाने वाचावे’. मजकूर थोडक्यात असा: कोविड झालेल्या दर सात खेळाडूंपैकी एकाच्या हृदयाला सूज येते, हे अमेरिकेत सिद्ध झालंय. मैदानावर धापा टाकणारी पोरंच साथ पसरवतात. मास्क लावून धावलं तर ऑक्सिजन कमी होऊन मूल दगावतं. लस घेतलेली मुलं खेळताना कोसळतात. मागे दोन वर्षं खेळ बंद होते, कुणाचं काही बिघडलं नाही. तेव्हा रुग्ण वाढले की पहिलं मैदान बंद करा. शेवटी जोडलेले हात.

लिहिणाऱ्याने काळजीपोटीच लिहिलं असणार. पण यातलं काही अर्धं खरं आहे, काही शिळं आहे, काही साफ खोटं आहे. आणि खरा धोका जिथे आहे, त्याबद्दल एक ओळ नाही.

हृदयापासून सुरुवात करू, कारण मेसेजची सगळी दहशत त्या एका आकड्यावर उभी आहे. आकडा खोटा नाही. अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या डॉक्टरांनी कोविड होऊन गेलेल्या २६ खेळाडूंचा हृदयाचा एमआरआय काढला. सप्टेंबर २०२० मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले: ४ जणांमध्ये मायोकार्डायटिसशी, म्हणजे हृदयाच्या स्नायूच्या सुजेशी जुळणाऱ्या खुणा. २६ पैकी ४, म्हणजे १५ टक्के, म्हणजे साधारण सातात एक. झालं, मेसेज तयार.

२६ जण म्हणजे दोन क्रिकेट टीम आणि चार राखीव. तुलनेसाठी कोविड न झालेले खेळाडू शेजारी घेतलेले नव्हते. कसून सराव करणाऱ्यांच्या हृदयात तसेही बदल होतात आणि एमआरआयला ते दिसतात. त्यातले कोविडमुळे किती आणि आधीचे किती, हे त्या अभ्यासातून कळायला मार्ग नव्हता. तो चुकीचा होता असं नाही. घाईच्या दिवसांत केलेली ती पहिली पाहणी होती आणि तिच्यामुळेच मोठ्या पाहण्या झाल्या. त्या मात्र मेसेजवाल्याने वाचलेल्या दिसत नाहीत. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ‘बिग टेन’ या कॉलेज-खेळांच्या गटातल्या १३ विद्यापीठांनी १,५९७ खेळाडूंचे एमआरआय तपासले: ३७ जणांत सूज, २.३ टक्के, आणि त्यातल्याही ९ जणांनाच काही त्रास जाणवत होता. ४२ विद्यापीठांच्या दुसऱ्या पाहणीत ३,०१८ कोविडबाधित खेळाडूंपैकी २१ जणांच्या हृदयावर परिणाम झाल्याची शंका किंवा खात्री निघाली, ०.७ टक्के. व्यावसायिक लीगमधल्या ७८९ जणांत ५. या पाहण्यांची पद्धत वेगवेगळी आहे. सगळ्यांना सरसकट एमआरआय केला की आकडा वाढतो, लक्षणं बघून केला की उतरतो. पण सातात एक कुठेच नाही. शिवाय हे सगळे कॉलेजातले नाहीतर पगारी खेळाडू. गाइल्स शिल्डसारख्या शालेय क्रिकेट स्पर्धेत उतरणारं आपलं तेरा वर्षांचं पोर या हिशोबात बसतच नाही.

मग हृदयाची काळजी सोडून द्यायची? अजिबात नाही. उलट माझी तक्रार अशी की मेसेज चुकीच्या ठिकाणी घाबरवतो आणि जिथे खरंच थांबायला हवं तिथे गप्प बसतो. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर संध्याकाळी बसलं की हा प्रकार डोळ्यांनी दिसतो. मुलगा तापातून उठून दुसऱ्या दिवशी किट बॅग ओढत नेटवर हजर. चेहरा उतरलेला, बॅट टेकवून उभा. कोच म्हणणार, ‘चार राउंड मार, घाम काढ, सगळं निघून जाईल.’ बाप कट्ट्यावरून मान डोलावणार, कारण रविवारी सिलेक्शन आहे. विषाणूजन्य तापात घाम काढून काही निघत नाही. हृदयाच्या स्नायूला सूज असेल तर त्यावर जोराचा ताण देणं हेच घातक, आणि हे फक्त कोविडचं नाही, इतर विषाणूंनाही लागू आहे.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मुलांसाठी घालून दिलेला क्रम समजायला सोपा आहे. आजार सौम्य होता, तर मूल रोजचे व्यवहार न दमता करू लागल्यावर हळूहळू सराव वाढवायचा. पहिल्याच दिवशी सामना नाही. चार दिवस किंवा जास्त ताप होता, तर आधी डॉक्टर आणि ईसीजी, मग मैदान. आयसीयूत राहावं लागलं किंवा एमआयएस-सी झाला, तर तीन ते सहा महिने खेळ बंद आणि हृदयरोगतज्ज्ञाचा सल्ला. एमआयएस-सी म्हणजे संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी शरीरभर उसळणारा दाह. तो दुर्मीळ, पण मुंबईत परका नाही; परळच्या वाडिया रुग्णालयाने २०२० च्या पावसाळ्यात अशी मुलं पाहिली आहेत. खेळताना छातीत दुखलं, धडधडलं, चक्कर आली, नेहमीपेक्षा फारच दम लागला, तर खेळ तिथल्या तिथे थांबवायचा. यात सरसकट एमआरआय कुठेही नाही.

आता ‘खेळणारी पोरंच साथ पसरवतात’. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यात सप्टेंबर २०२० मध्ये २०७ शाळांच्या ३०,०७४ खेळाडूंची नोंद ठेवली. २७१ जणांना कोविड झाला. संसर्ग कुठून आला हे ज्यांच्या बाबतीत कळलं, त्यांत ११५ जणांना तो घरातून मिळाला होता, आणि खेळातून एकाला. नोंदी शाळांनीच भरलेल्या, त्यामुळे थोडं सावधपणे वाचा. तरी ११५ आणि १ यातली दरी लहान नाही.

याच्या उलट उदाहरणही आहे, तेही सांगायला हवं. जून २०२० मध्ये फ्लोरिडात टँपा बे भागात आइस हॉकीचा एक हौशी सामना झाला. पाच दिवसांत २२ पैकी १४ खेळाडू आणि रिंकवरचा एक कर्मचारी आजारी. खेळणारे सगळे प्रौढ पुरुष होते, पण आपला मुद्दा वयाचा नाही, छपराचा आहे. बंद रिंक, गार हवा, जोराचा श्वास आणि बाकावर खेटून बसलेले गडी.

म्हणजे ‘खेळ धोक्याचा की नाही’ हा प्रश्नच मुंबईत उपयोगाचा नाही. कुठला खेळ, कुठे, आणि खेळाच्या आगेमागे काय, हे विचारा. आझाद मैदानावर फलंदाज आणि गोलंदाज यांच्यामध्ये बावीस यार्ड मोकळी हवा असते. धोका त्याच मैदानाच्या कडेला क्लबच्या तंबूत आहे, जिथे बॅटिंगची वाट बघत दहा पोरं किट बॅगांवर मांडीला मांडी लावून बसतात, एकाच बाटलीने पाणी पितात आणि एकाच्या डब्यातली पोळीभाजी पाच जण खातात. धोका सामन्याला नेणाऱ्या, काचा बंद केलेल्या व्हॅनमध्ये आहे. पालकांना सगळ्यात ‘सेफ’ वाटतं ते बॅडमिंटन: अंगाला अंग लागत नाही, मधे जाळी. पण शटल हवेने भरकटू नये म्हणून हॉलच्या खिडक्या बंद असतात आणि पंखेही. कोंदट हवेत तासभर आठ मुलं धापा टाकतात. उघड्यावरच्या क्रिकेटपेक्षा मला तो हॉल जास्त खुपतो. कबड्डी तर दोन्ही अंगांनी अवघड: पकड करताना साखळी धरलेली, आणि चढाई करणारा एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्यांच्या तोंडावर श्वास सोडणारा. लाट चढत असताना कबड्डी थांबवली तर मी वाद घालणार नाही. फिटनेस आणि पायांचा सराव उघड्यावर, अंतर ठेवून, चालू ठेवता येतो.

चेंडूचं म्हणाल तर आयसीसीने जून २०२० मध्ये चेंडूला थुंकी लावायला तात्पुरती बंदी घातली आणि ऑक्टोबर २०२२ पासून ती कायमची केली. चांगलंच झालं, पण पालकांनी चेंडू सॅनिटायझरने पुसत बसावं आणि तंबूकडे दुर्लक्ष करावं, हे उलटं आहे.

घराचा मुद्दा मुंबईला फार लागू पडतो. जुलै २०२० च्या सेरो सर्वेक्षणात, म्हणजे रक्ततपासणीच्या पाहणीत, शहरातल्या तीन वॉर्डांत झोपडपट्टीतल्या ५७ टक्के लोकांमध्ये अँटिबॉडी, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याच्या खुणा, सापडल्या, बाहेर १६ टक्के. एप्रिल-जून २०२१ मध्ये पालिकेने मुलांचे नमुने तपासले, तेव्हा १८ वर्षांखालच्या ५१.१८ टक्के मुलांमध्ये अँटिबॉडी होत्या. त्या वेळी शाळा बंद होत्या, शालेय स्पर्धा बंद होत्या. विषाणू दहा बाय बाराच्या खोलीत, सामायिक नळावर आणि कामावरून परतणाऱ्या माणसांबरोबर येत होता. बंदीचा काहीच उपयोग झाला नाही असा याचा अर्थ मी काढत नाही; पण मैदान बंद म्हणजे मूल सुरक्षित, हा अर्थही निघत नाही.

मेसेजमध्ये ज्याचं नाव नाही असा दुसरा धोका घरातल्या मोठ्यांचा. मूल स्वतः बहुतेक वेळा हलक्यावर सुटतं. त्याने आणलेला विषाणू घरातल्या आजीला, डायलिसिसवरच्या काकांना लागला तर? लस येण्याआधी, २०२० मध्ये, ‘पोराला पाठवू नका’ म्हणणाऱ्याचं सगळ्यात जोरदार कारण हे होतं आणि ते मला पटलं असतं. घरातल्या मोठ्यांनी लस घेतल्यावर तोच हिशोब बदलतो. मेसेज मात्र प्रत्येक लाटेला तेच औषध देतो.

मास्कबद्दल थोडक्यात. व्यायाम करताना मास्क लावू नये, हे जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्येच सांगितलं होतं: घामाने भिजतो, श्वास घ्यायला अडचण होते. मुंबईच्या दमट हवेत हे वेगळं पटवायची गरज नाही. पण ‘ऑक्सिजन कमी होऊन मूल दगावतं’ हा कळस आहे. कॅनडात निरोगी प्रौढांना मास्क लावून दमेपर्यंत सायकल चालवायला लावली, तेव्हा रक्तातल्या ऑक्सिजनमध्ये घट दिसली नाही. धावताना काढा, तंबूत आणि व्हॅनमध्ये लावा. विषय संपला.

लशीचा परिच्छेद सगळ्यात बेजबाबदार. त्याच्यासोबत हमखास ख्रिश्चन एरिक्सनचा व्हिडिओ फिरतो: १२ जून २०२१, कोपनहेगन, युरो स्पर्धेचा सामना, डेन्मार्कचा हा खेळाडू मैदानावर कोसळतो. त्याने लस घेतलेलीच नव्हती. त्याच्या तेव्हाच्या क्लबच्या, इंटर मिलानच्या संचालकांनी तसं सांगितलं होतं. एमआरएनए प्रकारच्या (फायझर, मॉडर्ना) लशींनंतर, मुख्यतः तरुण मुलग्यांमध्ये, क्वचित मायोकार्डायटिस होतो, हे खरं आहे आणि लपवण्यासारखं नाही. पण आपल्याकडे सरकारी मोहिमेत ३ जानेवारी २०२२ पासून १५ ते १८ च्या मुलांना कोव्हॅक्सिन दिली, १६ मार्च २०२२ पासून १२ ते १४ च्या मुलांना कॉर्बेव्हॅक्स. दोन्हींपैकी एकही एमआरएनए नाही. जी लस दंडात गेलीच नाही तिची भीती आपण आयात केली.

‘दोन वर्षांत कुणाचं काही बिघडलं नाही’ हे ज्याने लिहिलं त्याने चाळीशीतल्या बापाकडे बघून लिहिलं असावं. मुलांचं बिघडलं. चीनमधल्या फेइचेंगच्या शाळांमध्ये सहा वर्षांच्या मुलांतलं मायोपियाचं, म्हणजे लांबचं धूसर दिसण्याचं, प्रमाण आधीच्या वर्षांत जास्तीत जास्त ५.७ टक्के होतं, ते २०२० मध्ये २१.५ टक्के निघालं. उन्हात घालवलेला वेळ कमी झाला की डोळ्यांचा नंबर वाढतो, हे आधीपासून माहीत आहे. अमेरिकेत ४ लाखांहून जास्त मुलांच्या नोंदींत वजन-उंचीचा निर्देशांक वाढण्याचा वेग साथीत जवळपास दुप्पट झाला. ५ ते १७ वयाला रोज सरासरी तासभर दमवणारी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. चाळीच्या गॅलरीत ती कशी करणार?

राहिलं ‘पहिलं मैदान बंद’. ते आपण करून बघितलंय. महाराष्ट्रात मॉल उघडले ५ ऑगस्ट २०२० ला, रेस्टॉरंट आणि बार ५ ऑक्टोबर २०२० ला. मुंबईतले आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला, पहिली ते सातवीचे १५ डिसेंबर २०२१ ला. शाळेचं मैदान ज्यांना मिळतं, ते शाळेबरोबरच मिळतं. पुन्हा वेळ आलीच तर क्रम उलटा हवा: आधी बंद हॉल, मुक्कामाच्या स्पर्धा आणि भरलेल्या व्हॅन थांबवा, मग पकडीचे खेळ, आणि उघड्यावरचं नेट सगळ्यात शेवटी. तापातल्या मुलाला घरी पाठवायचं, हे तर लाट नसतानाही. आणि आजारी मुलाने किंवा ज्याच्या घरी केमो चालू आहे अशा मुलाने महिनाभर दांडी मारली तरी त्याचं नाव टीममधून कापणार नाही, हे कोचने कॅम्पच्या पहिल्याच दिवशी पालकांसमोर सांगून टाकावं, म्हणजे रविवारच्या सिलेक्शनसाठी कुणी ताप लपवणार नाही.