पुली थांबेल शे!

अमळनेरात परवा दिवेलागणीला एका आप्पांनी माझा टायमिंग लाइट (इंजिनात स्पार्क वेळेवर पडतो का ते दाखवणारा) बिघडलेला ठरवला. अजून झोंबतंय.

गाडी एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. 1798 सीसी, दोन एसयू कार्बोरेटर. फाटकाशी थांबली की आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) गडगडतं आणि इंजिन बंद. यावर अख्ख्या खान्देशात एकच औषध, "कार्बोरेटर खोला." अरे, आधी डिस्ट्रिब्युटरचं, सिलिंडरांना स्पार्क वाटणाऱ्या डबीचं, झाकण तर काढा! आतला पॉइंट उघडला की स्पार्क पडतो; त्याचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी हवा, माझा निघाला 0.20. पॉइंट उघडणाऱ्या कॅमला ग्रीस नसलं की पॉइंटची टाच झिजते, गॅप मिटतो, पॉइंट उशिरा उघडतो, स्पार्क मागे पडतो. ग्रीस लावायचं मीच विसरलो होतो, ते जाऊ द्या.

गॅप बदलला की टायमिंगही हलतं, म्हणून आधी गॅप, मग टायमिंग. डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी काढून तोंड बंद केलं, इंजिनाच्या पुलीची खाच खडूने पांढरी केली, आयडल मिनिटाला 600 फेऱ्यांवर आणलं. खाच शेजारच्या खुणांवर 14 अंशांपाशी दिसायला हवी. लाइट लावला.

"भाऊ, तुनी बत्ती बिघडेल शे. लुकलुक करस."

"आप्पा, ती लुकलुकायलाच असते."

"सेल बदल."

"सेल नाहीत तिला. गाडीच्या बॅटरीवर चालते."

"मंग बॅटरी बदल."

पहिल्या सिलिंडरला स्पार्क पडला की लाइट क्षणभर चमकतो. दर वेळी खाच त्याच जागी असते, म्हणून फिरती पुली थबकलेली दिसते. मी हे समजावेपर्यंत आप्पा बॉनेटखाली वाकलेसुद्धा.

"पट्टा फिरस, पुली थांबेल शे!" आणि बोट पुढे.

मी हात झटकला. या गावात 1916 पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे. दिसतं ते खरं की भास, यावर तिथे विद्वानांनी डोकी शिणवली. आप्पा ते बोट घालून ठरवणार होते. वर गर्दी मलाच म्हणते, "मोठ्या माणसाचा हात झटकतात का?" बोटं वाचली, त्याचं कुणालाच काही नाही!

राग निवावा म्हणून चहा सांगायला गेलो. तेवढ्यात आप्पांनी स्क्रूड्रायव्हर उचलून आयडलचा स्क्रू पिळला. इंजिन 1500 वर. गर्दी खूश. आता त्या वेगाला डिस्ट्रिब्युटरमधली वजनं उघडतात, स्पार्क आपोआप पुढे जातो, खाच 14 सोडून पळते, म्हणजे बघितलेलं सगळं पाण्यात. पण ऐकतो कोण? "चालू राहिली ना?"

वैतागून किल्ली काढली. इंजिन धडधडतच राहिलं. थ्रॉटल, म्हणजे हवेची झडप, उघडी राहिलेली, सिलिंडरमधलं कार्बन लालबुंद. पेट्रोल पेटायला आता स्पार्क लागतो कशाला?

"किल्ली काढी तरी चाली राहिनी!" आप्पा छाती फुगवून म्हणाले.

मी चौथा गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला, क्लच सोडला. गाडीने एक हिसका दिला आणि गप्प झाली.

"आखो बंद पाडी दिनी!" आप्पांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, गर्दीला सांगितलं.