मसाला भाजण्याची वेळ

परदेशी निघालेल्या मुलांना आपल्याकडे एक सल्ला हमखास दिला जातो: तिथे गेल्यावर त्यांच्यासारखे राहा. अमळनेरहून सिंगापूरला जाऊन चार वर्षे काढल्यावर मला प्रश्न पडतो, की त्यांच्यासारखे म्हणजे नेमके कोणासारखे? मलय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी अशा चार अधिकृत भाषा असलेल्या त्या शहरात मी ज्या इमारतीत भाड्याने राहत होते, तिच्या मोकळ्या तळमजल्यावर एका आठवड्यात मलय कुटुंबाचे लग्न लागले आणि पुढच्या आठवड्यात त्याच जागी एका चिनी आजोबांचे अंत्यविधी झाले.

हा शेजार आपोआप जमलेला नाही. तिथले पाचपैकी जवळजवळ चार रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतींत राहतात आणि कोणत्या वंशाच्या कुटुंबांची किती घरे एका इमारतीत असावीत, याची मर्यादा १९८९ पासून ठरलेली आहे. या नियमापायी अल्पसंख्य कुटुंबांना घर विकताना गिऱ्हाईक मिळणे अवघड जाते, हेही खरे. पण अख्खी इमारत एकाच समाजाची होऊन बसत नाही.

बाकीच्या गोष्टी लवकर अंगवळणी पडल्या. खाद्यकेंद्रातल्या टेबलावर कागदी रुमालांचे पाकीट दिसले की ती जागा धरलेली आहे असे समजायचे, जेवण झाल्यावर आपले ताट आपणच नेऊन ठेवायचे आणि अनोळखी वयस्कर बाईला आंटी म्हणायचे. हे शेवटचे मला शिकवावे लागले नाही.

अडले ते स्वयंपाकघरात. पहिल्याच महिन्यात मी काळ्या मसाल्यासाठी खोबरे, कांदा आणि सुक्या मिरच्या भाजायला घेतल्या, आणि तो ठसका मजलाभर पसरला. समोरच्या मलय आंटींनी खिडकी धाडकन लावून घेतली. मी इतकी खजील झाले, की पुढचे दोन महिने शेवभाजीचे नावही काढले नाही आणि वरण-भातावर दिवस काढले. शेवटी लिफ्टमध्ये त्यांनीच विषय काढला. त्यांना वासाचे काही वाटले नव्हते. तिथे स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बांबूंवर कपडे वाळत घालतात आणि त्या दिवशी त्यांच्या नातवाचा शाळेचा गणवेश बाहेर होता. ‘भाजण्याआधी सांगत जा, मी कपडे आत घेईन,’ एवढेच त्यांचे म्हणणे होते. दोन महिने मी जो अपमान उराशी धरून बसले होते, तो कोणी केलेलाच नव्हता.

याच वासावरून २०११ मध्ये तिथे मोठी चर्चा झाली होती. चीनहून नव्याने आलेल्या एका कुटुंबाने शेजारच्या भारतीय कुटुंबाच्या करीच्या वासाची तक्रार केली, आणि तक्रार करणारे कुटुंब घरी नसतानाच करी शिजवावी अशी तडजोड मध्यस्थीत झाली. ही बातमी येताच चिनी वंशाच्या सिंगापूरकरांसह असंख्य लोकांनी एक रविवार ठरवून मुद्दाम करी शिजवली. तिथे परका होता तो तक्रार करणारा, हे मला विशेष वाटते.

मात्र खराखुरा नकारही मी तिथेच पाहिला. भाड्याच्या खोल्यांच्या जाहिरातींत ‘भारतीय नकोत’ असे लिहिलेले असे, आणि कधी ‘फक्त हलका स्वयंपाक चालेल’ अशा शब्दांत तेच सुचवलेले असे. आंटींची तक्रार आणि ही जाहिरात यांत फरक आहे: तक्रारीतून वेळ ठरवता येते, जाहिरात मात्र बोलणे सुरू होण्याआधीच दार लावून घेते. हा फरक ओळखता येणे हेच परक्या शहरात रुळणे, असे माझे मत आहे.

या दिवाळीत अमळनेरला गेले, तेव्हा आमच्या वरच्या मजल्याची जागा पाहायला बँकेत नुकताच बदलून आलेला एक बंगाली तरुण आला होता. आप्पांनी त्याला चहा पाजला, गावाची चौकशी केली आणि जागा कोणाला तरी शब्द देऊन झाली आहे असे सांगून वाटेला लावले. तो गेल्यावर म्हणाले, ‘पोरगा चांगला होता, पण मासळीचा वास जिनाभर येतो.’ मी त्या वेळी समोरच बसले होते आणि गप्प राहिले. रात्री मात्र विचारले, की मासे शिजवण्याची वेळ ठरवून घेतली असती तर?

आप्पा थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘त्याला कुठे विचारलं आपण?’