नस म्हणजे वायर? वायरिंगवाल्या काकांना उत्तर

नमस्कार काका,

मेंदू आणि शरीर यांच्यात संदेश नेणारी नस म्हणजे वायर, असं सांगणाऱ्या माझ्या 'शरीराचं वायरिंग' या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा स्वतःचा लेख उघडून पाहिला आणि गप्प बसलो. 'तीस वर्षं घरांचं वायरिंग केलंय. नस ही वायर असेल तर ठेच लागल्यावर कळ उशिरा का येते? दोन पेशींत फट आहे म्हणता, मग करंट पुढे जातो कसा? आणि मेंदूतल्या शंभर अब्ज पेशी मोजल्या कोणी?' असं तुम्ही विचारलंत.

शेवटचं आधी, कारण तिथे चूक सरळ माझी. शंभर अब्ज हा आकडा वर्षानुवर्षं एका पुस्तकातून दुसऱ्यात उतरत आला, मीही उतरवला. ब्राझीलमध्ये सुझाना हर्क्युलानो-हाउझेल आणि सहकाऱ्यांनी मेंदूचं चक्क पातळ द्रावण करून त्यातली पेशीकेंद्रकं मोजली. २००९ साली उत्तर प्रसिद्ध झालं: चेतापेशी सुमारे ८६ अब्ज. लेखात दुरुस्ती केली आहे.

आता ठेच. रात्री अंधारात पलंगाच्या पायावर करंगळी आपटते. आपटली हे तत्क्षणी कळतं. पण खरी कळ अजून यायची असते, ती येणार हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, आणि आपण दात आवळून तिची वाट बघत उभे असतो! स्पर्शाची बातमी मायलिन या चरबीयुक्त पदार्थाचं वेष्टन असलेल्या जाड तंतूंतून सेकंदाला पन्नास मीटर किंवा त्याहूनही वेगाने जाते. ठणक्याची बातमी नेणारे तंतू बारीक आणि उघडे, वेग सेकंदाला मीटरभर. पायापासून पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचायलाच तिला सेकंदभर लागतो.

तारेतल्या विजेपुढे दोन्ही वेग गोगलगायीचे, कारण इथे करंट या टोकाकडून त्या टोकाकडे वाहत जात नाही. वानखेडेवरची मेक्सिकन वेव्ह आठवा. लाट स्टेडियमभर फिरते, माणसं मात्र आपापल्या खुर्चीपाशीच उठतात आणि बसतात. पेशीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा साधारण ७० मिलिव्होल्टने ऋण असतो. एका जागी पेशीच्या पडद्यातली दारं उघडली की बाहेरचा धनभारित सोडियम आत घुसतो, तिथला व्होल्टेज उलटतो, त्या धक्क्याने शेजारची दारं उघडतात. मागे पोटॅशियम बाहेर पडून पहिली जागा पुन्हा खाली बसते. म्हणूनच चेतापेशीच्या मीटरभर लांबीच्या अक्षतंतूतही (संदेश नेणाऱ्या शेपटीसारख्या धाग्यातही) संदेश क्षीण होत नाही, प्रत्येक ठिकाणी तो नव्याने उठतो.

तुमच्या वायरीलाही थोडा न्याय देतो. मायलिनच्या वेष्टनात ठरावीक अंतरावर उघड्या खाचा असतात आणि दारं मुख्यतः तिथेच. दोन खाचांच्या मध्ये करंट तंतूच्या आतून खरोखरच वाहतो, आणि वेष्टन इन्सुलेशनचं काम करतं.

दोन पेशींमधल्या फटीबद्दल तुमची शंका इटलीचे शास्त्रज्ञ कामिल्लो गोल्जी यांचीही होती. सगळं एकसंध जाळं आहे, असं ते म्हणत. गोल्जींनीच शोधलेली रंगवायची पद्धत वापरून स्पेनचे शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी पेशी सुट्या असल्याचं दाखवलं. १९०६चं नोबेल दोघांना विभागून मिळालं, आणि गोल्जींनी नोबेलच्या व्याख्यानातही काहालचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केला. (असा प्रसंग टीव्हीवर बघायला मिळायला हवा होता.)

फट असते मिलिमीटरचे दोन-चार लाखांश. ती बहुतेक ठिकाणी वीज नव्हे, रसायन ओलांडतं. शास्त्रज्ञ ऑटो लोवी यांनी १९२१मध्ये बेडकाच्या धडधडत्या हृदयाकडे संदेश नेणारी नस उद्दीपित केली, ठोके मंदावले. त्या हृदयातला द्राव दुसऱ्या हृदयाला दिला, तर त्याचेही ठोके मंदावले. दोघांमध्ये वायर कुठलीच नव्हती, नुसता द्राव आणि त्यात नसेने सोडलेलं रसायन.

तेव्हा 'नस म्हणजे वायर' हे वाक्य लेखातून काढलं. 'शरीराचं वायरिंग' हे शीर्षक मात्र ठेवतोय. ते नसतं तर तुम्ही लेख उघडला असतात का?