इंग्रजांनी म्हणे 'स्वतःचा तोटा सोसून' गुलामगिरी बंद केली

कॉलेजच्या ग्रुपवर काल परत तोच फॉरवर्ड. "गुलामगिरी जगात सगळीकडेच होती, पण ती बंद करणारे पहिले इंग्रज, तेही स्वतःचा तोटा सोसून, आणि हिंदुस्थानातली पण त्यांनीच संपवली." खाली हात जोडलेले इमोजी. दोनदा गप्प बसलो, आता लिहितोच.

"सगळीकडेच होती." हो, होती की. पेशवाईत कुणबिणींची, म्हणजे गुलाम बायकांची, खरेदी-विक्री व्हायची, आपण काही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. पण बार्बाडोसमध्ये, म्हणजे कॅरिबियनमधल्या इंग्रजांच्या बेटावर, जे उभं राहिलं ते प्रकरणच वेगळं. आधी तिथे इंग्लंड-आयर्लंडचे गोरे मजूर करारावर राबायचे, काही वर्षं झाली की सुटका. मग 1640 नंतर ऊस आला. आणि ऊस तोडला की लगेच गाळावा लागतो नाहीतर उतारा पडतो, हे कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला सांगायला नको, म्हणजे मळा आणि गुऱ्हाळ एकाच मालकाचं, हंगामात रात्रपाळी, आणि माणसं अशी हवीत की ज्यांची मुदतच संपत नाही. ती आफ्रिकेतून आणली. 1661 मध्ये बार्बाडोसने गुलामांसाठी वेगळा कायदाच केला, पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया या इंग्रजी वसाहतीने ठरवलं की आई गुलाम तर मूल गुलाम, बाप कोणी का असेना (बाप बऱ्याचदा मालकच असायचा, म्हणजे सोयच झाली). कातडीचा रंग, कायदा आणि बाजारभाव असे तिन्ही एकत्र बांधले गेले ते इथे. कॅरिबियनमधल्या इंग्रजी वसाहतींत 20 लाखांवर माणसं उतरवली, आणि 1834 मध्ये तिथे गुलाम शिल्लक होते सात लाखांच्या आसपास. जन्मापेक्षा मरण जास्त, कारण पोर वाढवण्यापेक्षा नवीन माणूस विकत घेणं बरीच वर्षं स्वस्त पडत होतं.

"पहिले इंग्रज." अजिबात नाही. गुलामांच्या व्यापारावर बंदीचा हुकूम डेन्मार्कने 1792 ला काढला, तो 1803 ला लागू झाला, इंग्रजांचा कायदा 1807 चा. आणि प्रत्यक्ष गुलामगिरी मोडली ती गुलामांनीच, आजच्या हैतीमध्ये. 1791 ला उठाव, 1804 ला स्वतंत्र देश. मधे 1793 ला इंग्रजांनी तिथे फौज उतरवली ती कशासाठी, तर ती बेटावरची श्रीमंत फ्रेंच वसाहत बळकवायला आणि मळेवाल्यांची गुलामगिरी टिकवायला! पाच वर्षांत हजारो सैनिक घालवून हात हलवत परत गेले. हे फॉरवर्डमध्ये कधीच नसतं.

इंग्लंडमध्ये चळवळ होती, लाखो लोकांनी अर्जांवर सह्या केल्या, नंतर आरमाराने गुलामवाहू जहाजं पकडून दीड लाखाच्या आसपास माणसं सोडवली, हे सगळं खरंय, नाकारत नाही. पण 1831 च्या नाताळात जमैकामध्ये सॅम शार्प नावाच्या गुलामाच्या मागे हजारो गुलाम उठले, मळे जाळले, सरकारने तीनशेवर लोक मारले, शार्पला मे 1832 मध्ये फाशी दिलं, आणि पुढच्याच वर्षी, 1833 ला, पार्लमेंटला पाझर फुटला, वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा कायदा झाला. योगायोग म्हणा हवं तर.

"तोटा सोसून." आता हे ऐका. 2 कोटी पौंड नुकसानभरपाई दिली, सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या 40 टक्के. कोणाला? मालकांना. गुलामांना एक दमडी नाही, उलट 'शिकाऊ कामगार' या गोंडस नावाखाली आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे फुकट राबायचं, ते 1838 ला संपलं. या भरपाईसाठी काढलेलं कर्ज फिटलं 2015 ला, म्हणजे जमैकातून लंडनला गेलेल्या लोकांच्या नातवंडांनी पण टॅक्समधून ते भरलं. बरं, इतकाच कळवळा होता तर पुढे क्यूबा-ब्राझीलची गुलामांनी पिकवलेली साखर कशी चालली? लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस कुठून यायचा, तर मुख्यतः अमेरिकेतल्या गुलामांच्या मळ्यांतून, तो यादवी युद्धात अडकला म्हणून तर मुंबईत कापसाची तेजी आली.

"हिंदुस्थानातली पण." 1833 च्या त्या कायद्यातून कंपनीचा मुलूख चक्क वगळला होता. इथे कायदा आला 1843 ला, आणि त्यात एवढंच की कोर्ट कोणाचा गुलामावरचा हक्क मानणार नाही. गुलाम बाळगणं गुन्हा झालं ते दंडसंहितेत, 1860 च्या.

आणि मळ्यांवर पुढे राबलं कोण? गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले हिंदुस्थानी मजूर. जॉन ग्लॅडस्टन, पुढे इंग्लंडचा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचा बाप, त्याला अडीच हजार गुलामांपोटी लाखावर पौंड भरपाई मिळाली, आणि 1838 मध्ये ब्रिटिश गयानातल्या त्याच्याच मळ्यासाठी कलकत्त्याहून मजूर भरून जहाजं निघाली. मॉरिशसला तर 1834 पासूनच. त्यातले काही मुंबई बंदरातून गेलेले, रत्नागिरीकडचे, त्यांची पतवंडं तिथे आजही गणपती बसवतात. ग्रुपमधले दोघं मागच्या वर्षी तिकडे हनिमूनला गेले होते, फोटो टाकले होते उसाच्या शेतात उभं राहून, त्यातल्याच एकाने हा फॉरवर्ड टाकलाय.